मुलांचं काय, हे कुणाला विचारायचं?

आठ मार्चच्या कार्यक्रमाची आखणी करायला आम्ही सात-आठ जणी जमलो होतो. दरवर्षीप्रमाणे 'कर्तृत्ववान स्त्रियांचा सत्कार' हा विषय निघाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, दोन शब्द. मी म्हटलं, या वर्षी नावं ठरवण्याआधी एका बाईची गोष्ट ऐकून घ्या. आणि मी बिॲट्रिस टिन्सलीची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडमध्ये वाढलेली, अमेरिकेत काम केलेली ही विश्वरचनाशास्त्रज्ञ. हे विश्व कसं घडलं, कसं बदलत गेलं, पुढे त्याचं काय होणार, हा तिच्या अभ्यासाचा विषय. चाळीसाव्या वर्षी ती गेली. तेवढ्या आयुष्यात तिनं दीर्घिकांकडे बघण्याची शास्त्रज्ञांची नजरच बदलली. गोष्टीच्या ओघात मी हेही सांगितलं की १९७४ साली तिनं घटस्फोट घेतला आणि दोन मुलं वडिलांकडे ठेवून दूरच्या विद्यापीठातली नोकरी धरली.

गोष्ट संपली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातलीच एक, वीस वर्षं चळवळीत काढलेली, म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण मुलांचं काय?"

मला राग आला. आपणही हेच विचारणार? मी काहीतरी तिरकं बोलले आणि बैठक विस्कटली. रात्री भांडी आवरताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आणि हळूहळू लक्षात आलं, की मैत्रिणीचा प्रश्न चुकीचा नव्हता. मुलांचं काय, हे विचारायलाच हवं. फक्त तो प्रश्न आपण नेहमी एकाच दारात नेऊन टाकतो. बाईच्या दारात. या लेखात मला तो प्रश्न जिथं न्यायला हवा, तिथं न्यायचा आहे. त्यासाठी बिॲट्रिसची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल.

तिचा जन्म २७ जानेवारी १९४१चा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावचा. माहेरचं नाव हिल. वडील धर्मोपदेशक. दुसरं महायुद्ध संपल्यावर कुटुंब न्यूझीलंडला गेलं. तिथल्या न्यू प्लिमथ शहराचे तिचे वडील पुढे महापौर झाले. तीन बहिणींतली ही मधली. व्हायोलिन उत्तम वाजवायची, गणितात हुशार. क्राइस्टचर्चच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकली, एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवला. १९६१ साली, विसाव्या वर्षी, बरोबर शिकणाऱ्या ब्रायन टिन्सलीशी तिनं लग्न केलं. लग्न तिच्या मर्जीचं, प्रेमाचं. पण नवरा त्याच विद्यापीठात नोकरीला, त्यामुळे तिला तिथं नोकरी मिळण्याची वाट बंद झाली. दोघंही भौतिकशास्त्रज्ञ. एकाला दार उघडं, दुसरीला बंद. कारण एवढंच, की ती बायको होती.

१९६३ साली ब्रायनला अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरी एका संशोधन केंद्रात जागा मिळाली. ती बरोबर गेली. केंद्र नवं, श्रीमंत, पुरुषांचं. त्यांच्या बायकांनी पाळीपाळीनं एकमेकींना चहाला बोलवायचं, अशी तिथली रीत. बिॲट्रिसची पाळी आली तेव्हा तिनं साफ नकार दिला. केवढी कुजबूज झाली म्हणे! मला हा प्रसंग फार ओळखीचा वाटतो. हळदीकुंकवाला न जाणाऱ्या, मंगळागौर न पुजणाऱ्या, साहेबांच्या बायकोच्या भिशीत न बसणाऱ्या किती जणी आपल्यात आहेत! नकार चहाला नसतो. 'अमक्याची बायको' एवढीच ओळख पांघरायला असतो. आपल्याला तो कळतो, कारण आपण तो दिलेला आहे.

डॅलसमध्ये तिला हवं ते शिकण्याची सोय नव्हती. ऑस्टिनच्या विद्यापीठात होती, आणि ऑस्टिन तिथून सव्वातीनशे किलोमीटर. आपल्या पुणे-सोलापूरपेक्षाही लांब. १९६४ पासून तिनं ये-जा सुरू केली. आठवड्यातले काही दिवस तिथं, उरलेले घरी. खगोलशास्त्राच्या त्या विभागात ती एकटी बाई. अशा परिस्थितीत तीनेक वर्षांतच तिनं डॉक्टरेटचं काम पुरं केलं.

आता तिनं नेमकं केलं काय, ते सांगते. कारण स्त्री शास्त्रज्ञांविषयी आपण लिहितो तेव्हा त्यांचे हाल सांगतो आणि त्यांचं शास्त्र गाळतो. हाही एक प्रकारचा अन्यायच.

अब्जावधी तारे मिळून एक दीर्घिका होते. आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक. विश्व प्रसरण पावतं आहे, दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत, हे १९२९ पासून माहीत होतं. साठच्या दशकात मोठा प्रश्न असा होता, की हे प्रसरण कायम चालू राहणार की कधीतरी थांबून सगळं पुन्हा आकसत जाणार? त्यासाठी खूप दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजायला हवीत. मोजायची कशी? रात्री डोंगरावर शेकोट्या पेटल्या आहेत असं समजा. सगळ्या शेकोट्या सारख्याच मोठ्या असतील, तर जी मंद दिसते ती लांब, जी ठळक दिसते ती जवळ. शास्त्रज्ञ हेच करत होते. लंबगोल आकाराच्या प्रचंड दीर्घिका साधारण सारख्याच तेजाच्या असतात असं धरून चालत होते.

बिॲट्रिसचं म्हणणं असं, की शेकोटी नुकती पेटलेली आहे की तिचे निखारे झाले आहेत, हे नको का बघायला? दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हणजे आपण बघतो ती तिची तरुणपणीची छबी. दीर्घिका ताऱ्यांची बनलेली. तारे जन्मतात, जळतात, मरतात. जे वजनदार ते झगझगीत जळून लवकर संपतात, जे लहान ते मंद तेवत राहतात. मरताना तारे वायू परत टाकतात, त्यातून नवे तारे होतात. मग दीर्घिकेचं तेज काळाबरोबर बदललं पाहिजे. तिनं नुसतं असं म्हटलं नाही. संगणकावर ताऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब मांडला. किती तारे जन्मले, किती वजनाचे, कधी संपले, वायू किती उरला, दीर्घिकेचा रंग कसा बदलला. आणि दाखवून दिलं, की हा बदल इतका मोठा आहे की तो धरला नाही तर विश्वाच्या भवितव्याबद्दलचं उत्तरच उलटं येऊ शकतं.

ज्यांनी त्या सारख्या शेकोट्यांवर आयुष्यभराचं काम उभं केलं होतं, त्या मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांना हे रुचलं नाही. अॅलन सँडेज हे त्या काळातलं सर्वांत वजनदार नाव. त्यांच्याशी तिचा वाद अनेक वर्षं चालला. तिशीही न गाठलेली, पक्की नोकरी नसलेली बाई आकडे घेऊन उभी राहिली आणि मागे हटली नाही. आज हबल दुर्बीण असो की २०२१ साली अवकाशात गेलेली जेम्स वेब, तिनं टिपलेल्या दूरच्या दीर्घिकेच्या रंगातून आणि तेजातून तिचं वय ओळखायचं तर जी पद्धत लागते, तिचा पाया बिॲट्रिसनं घातलेला आहे.

हे काम चालू असतानाच तिनं आणि ब्रायननं दोन मुलं दत्तक घेतली. १९६६ साली मुलगा, १९६८ साली मुलगी. मूल 'झालं' नव्हतं. मागून, ठरवून, कागदोपत्री आपलं केलेलं होतं. त्या पुढची पाच-सहा वर्षं म्हणजे घर, मुलं, आणि मिळेल त्या फटीत संशोधन. कधी अर्धवेळ काम, कधी अनुदानावर, कधी दूरच्या विद्यापीठात काही महिन्यांची पाहुणी. निबंध छापून येत होते, देशोदेशीचे शास्त्रज्ञ पत्रं लिहीत होते. तिच्या स्वतःच्या गावात मात्र तिला पक्की, कामाला साजेशी जागा नव्हती.

आणि मग १९७४ साल आलं. या एका सालात काय काय घडलं ते ओळीनं बघा.

तिला अॅनी कॅनन पुरस्कार मिळाला. खगोलशास्त्रातल्या स्त्रीसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार. त्याच वर्षी तिघा सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला तिचा गाजलेला निबंध आला. त्यांची नावं गॉट, गन आणि श्रॅम. विश्वाला थांबवायला लागेल एवढं द्रव्य त्यात दिसत नाही, तेव्हा ते प्रसरण पावतच राहील, असं या चौघांनी तेव्हा हाती असलेल्या सगळ्या पुराव्यांवरून मांडलं. पुढच्याच वर्षी गन आणि तिनं आणखी धीट निबंध लिहिला. विश्वाचं प्रसरण कदाचित वेग घेत असेल! पुरावा तेव्हा अपुरा होता. १९९८ साली स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणातून प्रसरणाला खरोखरच वेग येत असल्याचं कळलं आणि २०११ साली त्या शोधाला नोबेल मिळालं. ते तिघा पुरुषांना मिळालं, आणि त्यांचं काम तसं होतंच. पण ही शक्यता आधी गांभीर्यानं मांडणाऱ्यांत एक बाई होती, हे आपण तरी लक्षात ठेवू या.

डॅलसचं काय? तिथं आता विद्यापीठ झालं होतं. खगोलशास्त्राचा नवा विभाग कसा असावा, याचा आराखडा विद्यापीठानं तिच्याकडून करून घेतला. तिनं तो करून दिला आणि त्या विभागाच्या प्रमुखपदासाठी अर्ज केला. त्या अर्जाला साधं उत्तरही आलं नाही. नकाराचंसुद्धा नाही.

याच वर्षी तिचा घटस्फोट झाला. मुलं वडिलांकडे राहिली. ती कनेक्टिकट राज्यात येल विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून निघून गेली.

म्हणजे एका सालात पुरस्कार, विश्वाचं भवितव्य सांगणारा निबंध, न आलेलं उत्तर, आणि मोडलेलं घर. आता विचारा, मुलांचं काय?

विचारा, पण आधी डॅलसच्या विद्यापीठाला विचारा. ज्या बाईकडून तुम्ही विभागाचा आराखडा करून घेतलात, तिला त्या विभागात खुर्ची दिली असती तर तिला आपलं काम आणि आपली मुलं यांतून एक उचलावं लागलं असतं का? लग्न टिकलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. घटस्फोट झाला असता तरी ती त्याच गावात राहिली असती. मुलं शाळेतून तिच्याकडे येऊ शकली असती. मुलांची आई दोन हजार किलोमीटरवर गेली, त्यात त्या न लिहिलेल्या पत्राचा वाटा आहे. पण त्या पत्राबद्दल कुणी कुणाला निर्दय म्हटलं नाही. 'निर्दय' हे विशेषण आईसाठी राखून ठेवलेलं आहे.

मी ब्रायनला खलनायक ठरवत नाही. तिला निर्दोष देवीही करायचं नाही. ती गेली, कारण तिला तिचं काम जिवापाड हवं होतं. ही तिची निवड होती, आणि ती करताना ती तुटली नसेल असं मानायचं काही कारण नाही. मुलांनाही ते लागलं असणारच. त्यांच्या दुःखावर आपण तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालू नये. पण ज्या दोन गोष्टींतून तिला एक निवडावी लागली, त्या दोन्ही गोष्टी पुरुषाला एकाच ताटात वाढलेल्या असतात. म्हणून त्याला निवड करावी लागत नाही, आणि म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

आपल्या कोकणातला चाकरमानी आठवा. पिढ्यान् पिढ्या पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, हॉटेलात कामाला गेला. बायको-मुलं गावी. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, भेट. त्यानं मुलं 'सोडली' असं कुणी म्हटलं का? तो 'कर्ता' होता. तो मुलांसाठीच राबत होता. खरंच राबत होता, त्याचे कष्ट मी नाकारत नाही. पण क्रियापद बघा. बाप पोटासाठी 'जातो'. आई मुलांना 'सोडते'.

बैठकीत आणखी एकीनं विचारलं होतं, "मग त्या व्हेरा रुबिननं चार मुलं वाढवून कसं केलं सगळं?" चांगला प्रश्न आहे. व्हेरा रुबिन (१९२८–२०१६) ही दीर्घिकांच्या फिरण्याचा अभ्यास करून अदृश्य द्रव्याचा भक्कम पुरावा देणारी शास्त्रज्ञ. चिलीमधल्या ज्या प्रचंड वेधशाळेची पहिली छायाचित्रं २०२५ साली प्रसिद्ध झाली, तिला रुबिनचं नाव आहे. तिनं जॉर्जटाउन विद्यापीठात रात्रीच्या वर्गांना जाऊन १९५४ साली डॉक्टरेट मिळवली. तिला गाडी चालवता येत नव्हती. नवरा, रॉबर्ट, कामावरून आल्यावर तिला सोडायला जायचा आणि वर्ग सुटेपर्यंत गाडीत बसून जेवायचा. तेवढा वेळ तिचे आई-वडील मुलं सांभाळायचे. म्हणजे रुबिनचं उदाहरण सांगतं ते 'मनात असलं की सगळं जमतं' हे नव्हेच. एका बाईच्या डॉक्टरेटमागे एक गाडी, एक डबा खाणारा नवरा आणि दोन आजी-आजोबा लागतात, हे ते सांगतं. आणि एवढं असूनही कॅलिफोर्नियातल्या पालोमर वेधशाळेत स्त्री म्हणून अधिकृतपणे निरीक्षण करायची पहिली परवानगी तिला १९६५ साली मिळाली. रुबिनला दाखवून टिन्सलीला झोडपणं म्हणजे ज्या बाईला पाणी मिळालं तिचं शेत दाखवून कोरडवाहूवाल्या बाईला आळशी म्हणण्यासारखं आहे.

आता जरा पुरस्काराकडे वळते, कारण आपल्या बैठकीचा विषय तोच होता.

ज्यांच्या नावाचा पुरस्कार बिॲट्रिसला मिळाला, त्या अॅनी जम्प कॅनन यांनी हार्वर्डच्या वेधशाळेत साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. त्यांना ऐकू कमी येत असे. हार्वर्डनं त्यांना रीतसर नियुक्ती दिली ती १९३८ साली, निवृत्तीच्या दोन वर्षं आधी. स्वतःला मिळालेल्या बक्षिसाची एक हजार डॉलरची रक्कम देऊन त्यांनी स्त्रियांसाठी हा पुरस्कार सुरू केला. बाईनं बाईसाठी आपल्या पदरचं घालून ठेवलेला हा पुरस्कार आहे, त्याचा मान मोठाच. १९३४ साली तो पहिल्यांदा सिसिलिया पेन-गापोश्किन यांना मिळाला. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असतात, हे १९२५ साली त्यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं होतं. पुरस्कार १९३४ साली. हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापकपद कधी? १९५६ साली. मधली बावीस वर्षं.

१९७१ साली हाच पुरस्कार मार्गारेट बर्बिज यांनी नाकारला. बर्बिज म्हणजे ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात ते सांगणाऱ्या गाजलेल्या निबंधाच्या पहिल्या लेखिका. त्यांनाही नवऱ्याच्या नोकरीमुळे विद्यापीठाचं दार बंद होण्याचा अनुभव होता. माउंट विल्सन वेधशाळेत निरीक्षण करायला त्या नवऱ्याची मदतनीस म्हणून गेल्या, कारण स्त्रियांना तिथं प्रवेश नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की फक्त स्त्रियांसाठीचा पुरस्कार हाही भेदभावच आहे, आता तो संपवा. त्या नकारानं अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेला जाग आली आणि स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला गट नेमला गेला.

तीन वर्षांनी बिॲट्रिसनं तोच पुरस्कार घेतला. दोघींतली बरोबर कोण? मला वाटतं, दोघीही. नाकारण्यासाठी पायाखाली जागा लागते. बर्बिज तोवर नामवंत प्राध्यापक होत्या. बिॲट्रिसला अजून उभं राहायला जागाच नव्हती. पण दोघींची गोष्ट एकत्र ठेवली की एक दिसतं. पुरस्कार देणाऱ्याला फारसा खर्च येत नाही. त्या बाईला जागा द्यायची म्हटलं की खुर्ची सरकवावी लागते, नियम बदलावे लागतात, पगार द्यावा लागतो, कुणा पुरुषाला 'नाही' म्हणावं लागतं. म्हणून पुरस्कार लवकर येतो आणि जागा उशिरा येते, किंवा येतच नाही.

येलमध्ये तिला अखेर जागा मिळाली, आणि तिथं तिनं काय केलं ते बघा. १९७७ साली सहकारी रिचर्ड लार्सन यांच्याबरोबर दीर्घिकांच्या उत्क्रांतीवर मोठी परिषद भरवली. एके काळी ज्या कल्पनेवर मोठ्यांनी नाकं मुरडली, ती आता विषयाचा पाया झाली होती. १९७८ साली ती येलमध्ये खगोलशास्त्राची पूर्ण प्राध्यापक झाली. तिथली पहिली स्त्री. आणि त्याच वर्षी तिच्या पायावरच्या चामखिळीचं निदान त्वचेचा कर्करोग असं झालं. ती काम करत राहिली. पुढे उजवा हात चालेना, तेव्हा डाव्या हातानं लिहायला लागली. शेवटचा निबंध मरणाच्या काही दिवस आधी पाठवला. २३ मार्च १९८१ रोजी ती गेली. चौदा वर्षांत शंभराच्या आसपास निबंध तिच्या नावावर आहेत.

मग सन्मानांची रांग लागली. १९८६ साली अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेनं तिच्या नावे पुरस्कार सुरू केला. त्याच वर्षी वडिलांनी तिच्या पत्रांच्या आधारे तिचं चरित्र प्रसिद्ध केलं. एका लघुग्रहाला तिचं नाव आहे. २०१० साली न्यूझीलंडच्या फियोर्डलँडमधल्या एका शिखराला माउंट टिन्सली नाव दिलं गेलं. आकाशात जागा मिळाली, डोंगरावर मिळाली. डॅलसमध्ये मात्र मिळाली नाही.

हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. विश्वरचनाशास्त्र म्हटलं की मराठी घरात एकच नाव आठवतं, जयंत नारळीकर (१९३८–२०२५). ते प्रेम योग्यच आहे. मला त्यांच्याबरोबर मंगला नारळीकर (१९४३–२०२३) आठवतात. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए.ला पहिल्या आलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या. त्यांची डॉक्टरेट पुरी झाली १९८१ साली, तीन मुली, परदेशातला आणि इथला संसार, वडीलधाऱ्यांची देखभाल यांच्या मधून वेळ काढत. आपली कहाणी आपल्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या बायकांसारखीच आहे, घर आधी आणि स्वतःचं काम नंतर, असं त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. त्या सुखी होत्या की नव्हत्या, याचा निवाडा करणारी मी कोण? पण हिशेब मांडला तर एवढं दिसतं. एकीनं मुलं वडिलांकडे ठेवली आणि जगानं विचारलं, मुलांचं काय. दुसरीचं गणित वर्षानुवर्षं मागे राहिलं. तेव्हा कुणी विचारलं का, गणिताचं काय?

म्हणून आठ मार्चसाठी माझी सूचना अशी. सत्कार करू या, मी त्याच्या विरोधात नाही. हार कुणाला नको असतो! पण ज्या बाईचा सत्कार करू, तिला व्यासपीठावर चार प्रश्न विचारू या. तुमची जागा पक्की आहे का? कामावर पाळणाघर आहे का? घरातलं काम कोण कोण करतं? तुम्ही केलेला कोणता अर्ज अजून उत्तराविना पडून आहे? आणि पाहुणे म्हणून तिचे साहेब, प्राचार्य, कुलगुरू आले असतील तर त्यांची उत्तरंही तिथंच घेऊ या. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. आपल्या शहरातल्या किती महाविद्यालयांत, कारखान्यांत, कार्यालयांत ते प्रत्यक्षात चालू आहे, हे आपण दारोदार जाऊन बघू शकतो. एका दुपारच्या सत्काराइतकाच वेळ लागेल. स्मृतिचिन्हांचा खर्च मात्र वाचेल.

पुढच्या बैठकीत मी त्या मैत्रिणीची माफी मागितली. ती हसली. म्हणाली, "मला तरी कुठं तिला दोष द्यायचा होता? माझा मुलगा चार वर्षांचा होता, तेव्हा मोर्च्याला निघाले की सासूबाई रोज हेच विचारायच्या. तोंडात बसलंय ते."

तोंडात बसलंय. आपल्या सगळ्यांच्याच. ते काढून टाकायचं म्हणत नाही मी. पुढच्या वेळी तोंडातून आलं की फक्त मान वळवायची, बाईकडून तिच्या नवऱ्याकडे, तिच्या संस्थेकडे, सरकारकडे, आणि मोठ्यानं विचारायचं, "मुलांचं काय?"

तुमच्या गावात कुणाचे अर्ज असे उत्तराविना पडले आहेत? जरूर कळवा.